मास्तरचा जबाब

मास्तर, तू गेल्याले आज सव्वीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोन जण तुझ्यावर बोलले, अन् दोघंही खोटं बोलले. एक म्हणला, मास्तर लय मनमिळाऊ होते. दुसरा म्हणला, त्यांनी आयुष्यात कोणाचं मन दुखवलं नाही. मी मागच्या खुर्चीवर होतो. मनात म्हटलं, हे दोघं तुझ्या गाडीत कधी बसलेलेच नसतील. तू अन् मनमिळाऊ? दुसरबीड ते मलकापूर या रस्त्यावर असा फाटा नाही, जिथं तू एखाद्याले बिनतिकीट पकडून खाली उतरवलं नाही. पोराचं वय कमी सांगून अर्धं तिकीट मागणाऱ्या बाईले तू म्हणायचा, "तोंड उघडाले सांगा त्याले. दाढा पाहू द्या." अन् खरंच दाढा मोजायचा, बे! भर गाडीत.

तुझी पोरगी माया मले म्हणली, काका, तुम्ही दोन शब्द बोला. मी हात जोडले अन् नाही म्हटलं. लोकांले वाटलं म्हातारा रडून राह्यला. मी रडत नव्हतो. बोललो असतो तर खरं बोलावं लागलं असतं, अन् तुझ्या फोटोसमोर ते बरं दिसलं नसतं. म्हणून लिहून राह्यलो, पेपरवाल्याले छापायले देणार आहे. चौथी शिकलेला माणूस मी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. आजवर माझा प्रत्येक कागद तू लिहिला. पेन्शनचा तू, पीकविम्याचा तू, पोराच्या नोकरीचा अर्ज तू. हा एक तुझ्या हातून लिहून घेता येत नाही.

वीसेक वर्षं आपण एका गाडीवर काढली. मी डायवर, तू कंडक्टर. मी गावच्या पाटलांच्या भावकीतला, दहा एकराचा धनी, शाळेत मार खाऊन पळालेला. तू बौद्धवाड्यातला, मॅट्रिक पास, खिशाले पेन, शर्टाले इस्त्री. पहिल्या दिवशी मले वाटलं, हा माणूस आठ दिवस टिकणार नाही माझ्याजवळ. आठव्या दिवशी माझा मामा गाडीत बसला.

राजूरच्या घाटाखाली तू त्याच्यासमोर उभा राह्यला. "मामा, तिकीट."

"डायवर माह्या भाचा हाये."

"गाडी भाच्याची नाही. तिकीट काढा, नाही तर उतरा."

मी गाडी बंद केली. मागं पाहून म्हटलं, "मामा उतरला त गाडी हालत नाही आज."

"नको हालू देऊ," तू म्हणला, अन् रिकाम्या सीटवर बसून हिशेबाचा कागद भरायले लागला. अर्धा तास गाडी उभी. माणसं दोघांलेही शिव्या देऊन राह्यली होती. शेवटी तू तुझ्या खिशातले पैसे पेटीत टाकले, तिकीट पंच केलं अन् मामाच्या हातावर ठेवलं. मामानं ते खिडकीतून फेकलं. तू खाली उतरला, रस्त्यावरून ते उचललं, झटकलं अन् परत त्याच्या हातात दिलं. "राहू द्या. चेकर आला त लाज माह्यी जाईल." मामा मरेपर्यंत तुझं नाव घेऊन थुंकायचा. मी मात्र त्या दिवसापासून तुले सोडून दुसरा कंडक्टर मागितला नाही. काऊन, ते तुले कधी सांगितलं नाही. आता सांगतो. मले माझ्याएवढाच हट्टी माणूस पहिल्यांदा भेटला होता.

पण तू माझ्यावरही उलटला. देऊळगावच्या अलीकडं मी म्हैस उडवली तेव्हा. चौकशी लागली. मी सांगितलं, म्हैस अचानक आडवी आली. साहेबानं तुले विचारलं. एवढंच म्हणायचं होतं, हो साहेब, आडवी आली. तू म्हणला, "म्हैस आडवी आली साहेब, पण गाडीही जोरात होती." महिनाभर मी घरी. दर रविवारी तू सायकलवर माझ्या गावी यायचा, पिशवीत चहा-साखर घेऊन. तुझी वहिनी, म्हणजे माझी बायको, ती पिशवी घ्यायची अन् मी घरात असून बाहेर यायचो नाही. ओट्यावर बसून तू मोठ्यानं म्हणायचा, "वहिनी, डायवर घरात असन त त्याले सांगा, मी खोटं बोललो नाही." मी आतून म्हणायचो, "त्याले सांग, म्हशीच्याच घरी जेवत जाय."

हे सगळं मी हसण्यासाठी लिहिलं नाही. तू खरं बोलणारा होता, हे वाचणाऱ्याले कळलं पाहिजे, तरच पुढचं कळेल.

मी फंडातून उचल घेऊन तालुक्याच्या गावी प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या. मी राहणार खेड्यातच, घर पडून. तू तेव्हा खोली शोधत होता. खोली रिकामी असायची. तू आडनाव सांगितलं की ती भरलेली असायची. तीन महिने असं चाललं. मी म्हटलं, माझ्या घरी राह्य. तू बायको-पोरीले घेऊन आला. अठ्ठावीस वर्षं राह्यला. तुझी बायको तिथंच वारली, माया तिथूनच लग्न होऊन अकोल्याले गेली. आधी बायकोच्या दुखण्यात अन् मग मायाच्या शिक्षणात तुझं स्वतःचं घर काही झालं नाही.

पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेले तू पाकीट पुढं केलं. भाडं. मी ते तुझ्या अंगावर फेकलं. "मले काय भाड्याचा धंदा लावाचा हाये काय बे?" दुसऱ्या महिन्यात पुन्हा पाकीट. पुन्हा फेकलं. वर्षभर हा खेळ चालला. डेपोतली माणसं पाहायची अन् म्हणायची, वा शेषराव, दिल असावं तर असं. मग एक दिवस तू पाकीट आणणं बंद केलं. फक्त म्हणला, "बरं, घरपट्टी तरी मी भरीन." मी म्हटलं, भर. दर मार्चात तू पालिकेत जाऊन पट्टी भरायचा अन् पावती फायलीले लावायचा. मी त्या फायलीकडं कधी पाह्यलं नाही.

आता या वर्षी तुझ्या वहिनीचे दोन्ही गुडघे गेले. तुले माहीत आहे, पण तुले माहीत आहे त्याहून जास्त गेले. संडासले जायचं तर हातावर सरकत जाते. डॉक्टर म्हणला, दोन्ही बदला. मी घर विकायले काढलं. तू त्याच दिवशी म्हणला, "विक. मी मायाकडं जातो." एक शब्द जास्त नाही. बाजूच्या बियाण्याच्या दुकानवाल्यानं बयाणा दिला. त्याची एकच अट होती, दिवाळीच्या आत रजिस्ट्री, अन् त्याआधी पालिकेचा दाखला की या घरावर कराची बाकी नाही. मी म्हटलं, अरे, बाकी असणारच नाही. मास्तर भरते पट्टी.

खिडकीवरच्या बाईनं कॉम्प्युटर पाह्यला अन् आकडा सांगितला. मी म्हटलं, बाई, कोणाच्या सिनेमा टॉकीजचा सांगून राह्यल्या? ती म्हणली, नाही बाबा, तुमच्याच घराचा. शास्ती, म्हणजे दंड धरून. त्या आकड्यात तुझ्या वहिनीचा एक गुडघा पुरता गेला असता अन् दुसऱ्यावर ओरखडा पडला असता.

मग सुरू झालं. पहिल्या दिवशी सांगितलं, आधी बाकी भरा, मग तक्रार करा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं सांगितलं, भरू नका, भरली म्हणजे तुम्ही मान्य केली. तिसऱ्या दिवशी म्हणले, घरांची मोजणी आम्ही केलीच नाही, ठेकेदाराच्या माणसांनी केली. ठेकेदार कुठं आहे? त्याचा ठेका संपला. चौथ्या दिवशी साहेब मतदार यादीच्या कामाले. पाचव्या दिवशी साहेब होते, पण लाईन गेलेली, कॉम्प्युटर बंद. मी चाळीस वर्षं रस्ता पाह्यला, मास्तर. एवढे खड्डे चुकवत मलकापूर गाठलं. हा पालिकेचा जिना मले चढवेना.

शेवटी करविभागातला एक चष्मेवाला बाबू भेटला, भला माणूस. शाळेत असताना तुझ्याच गाडीनं पासवर यायचा म्हणे. त्यानं जुनं रजिस्टर काढून माझ्यासमोर उलटं केलं. "बाबा, हे पाहा. नवी आकारणी झाली तेव्हा इथं राहणाऱ्यानं भाडेकरू म्हणून लिहून दिलं. भाडं किती तेही लिहून दिलं. भाड्याच्या घराले कर जास्त बसते. अन् ही खाली सही."

सही तुझी होती.

मी तिथून सरळ तुझ्या दारात आलो. तू खाटेवर बसून शर्टाचं बटन लावून राह्यला होता.

"काऊन सांगितलं बे असं?"

"काय सांगायचं होतं?"

"खरं सांगाचं होतं!"

"तो मोजणीवाला दारात उभा होता. शेजारची बाई कान लावून होती. त्यानं विचारलं, मालक की भाडेकरू? मी मालक नव्हतो. तिसरं त्यानं विचारलं नाही."

"अन् भाडं? एवढं भाडं त चौकातल्या दुकानाले नाही."

"घराच्या लायकीचं सांगितलं. तुह्यं घर काय गोठा हाये?"

तू माझ्या घराची इज्जत राखली अन् माझं घर बुडवलं. पालिकेच्या नोटिसा येत गेल्या. तू जुन्या दरानं पट्टी भरत राह्यला, वरचा फरक साचत गेला, त्यावर शास्ती, शास्तीवर शास्ती. मी विचारलं, नोटिसा काऊन लपवल्या? तू फाईल उघडून दाखवली. एकूण एक नोटीस, तारखेनं लावलेली. "लपवल्या नाही. फायलीले लावल्या."

मास्तर, आयुष्यात तू एकदाच खोटं बोलला, अन् तेही सही करून.

बाबूनं रस्ता सांगितला. मालकानं दुरुस्तीचा अर्ज करायचा. राहणाऱ्यानं स्वतः कचेरीत येऊन जबाब द्यायचा की मी भाडं देत नाही, कधी दिलं नाही. मग जास्तीचा कर निघून जाईल. मी तुले म्हटलं, लिही अर्ज. तू पेन काढलं. मी सांगत गेलो, तू लिहीत गेला. सदर इसम माझ्या घरात फुकट राहतो, इथपर्यंत आलो अन् तू पेनाले टोपण लावलं.

"हे मी लिहिणार नाही."

"अरे पण खरं हाये ना ते?"

"खरं असन. माह्या हातानं नाही."

अर्ज मी कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतला. पण जबाब कोण देणार? अकरा दिवस मी रोज तुझ्याकडं आलो. अकरा दिवस तू नाही म्हणला. मायाच्या सासरी तू सांगितलं होतं की तू भाड्यानं राहतो. तुझ्या वाड्यातल्या लोकांले सांगितलं होतं. तू म्हणला, "शेषराव, दुसरा काही कागद सांग. हा नको." बियाणेवाला तिकडं बयाणा परत मागायले लागला.

बाराव्या दिवशी मी तुझ्या वहिनीले ऑटोत घालून आणलं. तिले म्हटलं, मास्तरले भेटून येऊ, तो अकोल्याले जाऊन राह्यला. तुझ्या दाराले दोन पायऱ्या आहेत. मीच बांधलेल्या. तिनं एक हात भिंतीले लावला, दुसरा माझ्याकडं केला. मी हात दिला नाही. मुद्दाम दिला नाही. खिशात काही शोधत असल्यासारखं केलं. ती खाली बसली अन् त्या दोन पायऱ्या हातांवर चढली, लेकरासारखी. तू दारात उभा होता. तू धावला, तिले उचललं, खुर्चीवर बसवलं. मग माझ्याकडं पाह्यलं. तुले सगळं समजलं होतं. तिकिटाचा चोर पाहण्याची तुझी नजर होती ती.

"उद्या येतो कचेरीत," तू म्हणला.

तुझी वहिनी चहा पिऊन खुशीत घरी गेली. ऑटोत म्हणली, मास्तरसारखा माणूस नाही. मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. पगाराच्या दिवशी घालायचा तसा. खोलीत आठ-दहा माणसं आपापले कागद घेऊन उभी. त्यातली निम्मी तुले ओळखत होती. नमस्कार मास्तर, नमस्कार मास्तर. बाबूनं तुले खुर्ची दिली अन् कागद वाचायले लागला. "आपण सदर घरात भाड्याने राहता काय?"

तू बोलेना. बाबूनं पुन्हा वाचलं. तू टेबलाकडं पाहत राह्यला. मले वाटलं, आता हा उठून जातो. मग मी बोललो. ते शब्द मी इथं जसेच्या तसे लिहितो, कारण तिथली आठ-दहा माणसं ते कुठं ना कुठं सांगतीलच.

"बोल ना! खरं बोलाची तुले लय हौस. म्हशीच्या वेळी कसा फडाफडा बोलला होता. आता काऊन दातखीळ बसली? फुकट राह्यला त फुकट राह्यलो म्हण!"

तू मान वर केली. माझ्याकडं नाही, बाबूकडं.

"नाही. भाडं देत नाही."

"आधी कधी दिलं?"

"कधीच नाही."

इथं मी बोलायले पाहिजे होतं, मास्तर. वर्षभर तू पाकीट आणत होता अन् मी फेकत होतो, हे सांगणारा माणूस त्या खोलीत मी एकटाच होतो. तू ते सांगणार नव्हता, तुझा स्वभाव नाही तो. मी सांगितलं असतं तर बाबूनं पेन थांबवलं असतं, म्हणला असता, मग हे भाडं की काय, साहेबाले विचारावं लागेल, पुढच्या सोमवारी या. मले सोमवार नको होता. मी चूप राह्यलो.

"मग कसे राहता, मास्तर? लिहावं लागते."

"यांच्या मेहेरबानीवर," तू म्हणला. "तसंच लिहा."

बाबू बिचारा ओशाळला. "मेहेरबानी असं नाही मास्तर. रकान्यात विनामोबदला असा शब्द हाये."

मले तेव्हा उगाच दिल फुटलं. मी म्हटलं, "दोस्त म्हणून राहते, असं लिहा ना."

"दोस्ताचा रकाना नाही बाबा. मालक, भाडेकरू, विनामोबदला. तीनच."

तू हसला. त्या खोलीत फक्त तूच हसला. अन् सही करून उठला.

बाहेर आलो. ऑटो मिळेना, पायीच निघालो. तू माझ्या दोन पावलं पुढं चालत होता. मी म्हटलं, झालं गेलं, चाल, भजे खाऊ. तू थांबला. अठ्ठावीस वर्षांत तू मले हे कधी बोलला नव्हता.

"शेषराव, तू भाडं घेत नव्हता ते दोस्तीसाठी नाही. घेतलं असतं त मी तुह्या भाडेकरू झालो असतो. भाडेकरू म्हंजे बरोबरीचा माणूस. तो पैसे देते, मालक खोली देते, दोघं मोकळे. तू न घेता मले ठेवलं. म्हंजे मी तुह्या ठेवलेला माणूस."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं.

"सांभाळलंच ना आजवर," तू म्हणला अन् निघून गेला.

त्यानंतर आपण बोललो नाही. आठ दिवस. मी आलो नाही, तू बोलावलं नाही. आठव्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईचा फोन आला. तू फायली बांधून ठेवल्या होत्या, एका पिशवीवर माझं नाव लिहिलं होतं, अन् खाटेवर आडवा झाला तो झालाच. डॉक्टर म्हणला, हार्ट. लोक विचारतात, काही टेन्शन होतं काय? मी म्हणतो, नाही, वय होतं.

तुझ्या त्या बोलण्याचं उत्तर मी आठ दिवस शोधत होतो. उत्तर शिवी होती, तीही तयार होती. पण तू मेल्यावर ती कोणाले देऊ? आता शिवी सोडून पाह्यलं तर काय उरते ते सांगतो. तू खरं बोलला. गावात पारावर लोक म्हणायचे, शेषरावनं मास्तरले घर दिलं, आपल्यात असा माणूस नाही. ते ऐकायले मले बरं वाटायचं. म्हैस उडवल्यावर तू साहेबासमोर खरं बोलला तेव्हा मी मनात काय म्हटलं माहीत आहे? माझ्या घरात राहून माझ्यावर उलटला. म्हणजे भाडं मी घेत होतो, मास्तर. पैशात घेत नव्हतो, एवढंच. तू दर वेळी माझे कागद लिहायचा, अन् मी म्हणायचो, लिहील नाही तर काय करेल.

अन् तरीही तू दुपारच्या फेरीले, जेवणानंतर मले झोप यायची तेव्हा, केबिनच्या जाळीवर तिकिटाच्या पंचानं टकटक करायचा. दर पाच-दहा मिनिटाले. घाट संपेपर्यंत. पन्नास-साठ माणसं मागं घोरत असायची, त्यांले माहीतही नसायचं की आपण कोणाच्या टकटकीवर जिवंत आहोत. मी त्याबद्दल तुले कधी बरं म्हटलं नाही. उलट म्हणायचो, डोकं उठवलं बे तू. आज लिहितो. मी तेव्हा खरंच झोपत होतो. दोनदा तर पुरता झोपलो होतो.

तू गेल्यावर चार दिवसांनी मी कचेरीत गेलो. बाबूले सांगितलं. तो हळहळला, मग म्हणला, "बरं झालं बाबा, जबाब आधीच झाला. नाही तर वारसाचा दाखला मागावा लागला असता, सहा महिने गेले असते." मी म्हटलं, काय बोलता साहेब. पण खरं सांगतो, मलेही त्या वेळी तेच वाटलं, बरं झालं.

मग नियमाप्रमाणं पालिकेच्या बोर्डावर नोटीस लागली. घर नंबर, मालकाचं नाव माझं, राहणाऱ्याचं नाव तुझं पूर्ण, बापाचं नाव अन् आडनावासकट, अन् पुढं, विनामोबदला. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी. बोर्डासमोरच चहाची टपरी. मी चहा पीत होतो तेव्हा एक जण ते वाचून आला, तुझ्या गाडीतलाच एखादा जुना उतारू असेल. टपरीवाल्याले म्हणला, "पाह्य बे, कंडक्टर मास्तर! आमच्या पोराच्या दाढा मोजे अन् स्वतः अठ्ठावीस वर्षं बिनतिकीट." सगळे हसले. तुझी राख अजून पाण्यात सोडायची होती.

मी काय केलं? तू विचारशील म्हणून सांगतो. मी चहा संपवला. कप ठेवला अन् गेलो.

पुण्यानुमोदन झालं. माया परत गेली. मग कोणीतरी त्या बोर्डाचा फोटो काढून तिच्या सासरच्यांले पाठवला. तिचा फोन आला. रडली नाही. तुझ्यासारखीच सरळ बोलली.

"काका, बाबा भाडं देत नव्हते काय?"

"देत होता बेटा. मी घेत नव्हतो."

"मग तसं काऊन नाही लिहिलं?"

"रकाना नव्हता."

"मले हरकत घ्याची हाये. मी उद्या येतो, लिहून देतो की माह्ये बाबा भाडं देत होते, तुम्ही घेतलं नाही. तुम्ही फक्त सही करा. तिथं त्यांचं नाव असं राहू देऊ नका. मुदत कधीपर्यंत हाये?"

हरकत आली असती तर सुनावणी लागली असती. सुनावणी म्हणजे दिवाळी गेली. दिवाळी गेली म्हणजे बियाणेवाला गेला. तुझी वहिनी बाजूलाच पाय लांब करून बसली होती, गुडघ्याले तेल लावत. ती विचारून राह्यली होती, मायाचा हाये काय फोन? दे ना मले.

मी म्हटलं, "मुदत संपली पोरी. कालच संपली."

ती म्हणली, "बरं काका. काकूले जपा." अन् फोन ठेवला.

दाखला आज सकाळी मिळाला. बाबूनं चहा पाजला. रजिस्ट्री सोमवारी आहे, ऑपरेशनची तारीख त्यानंतरची. पिशवीवर माझं नाव लिहून ठेवलेल्या फायली मी अजून उघडल्या नाहीत. माफी मागून राह्यलो असं समजू नको. सोमवारी मी सही करणारच आहे. अन् तुझ्या वहिनीले यातलं काही सांगणार नाही, कळलं तर ती ते गुडघे लावून घेणार नाही. तिले वाचता येत नाही, अन् ती तेवढ्यानं वाचली. मायाले वाचता येते. हे छापून आलं की ती वाचेल. वाचू दे. तिनं फोन केला त्या दिवशी मुदत संपलेली नव्हती. चार दिवस बाकी होते. चारही दिवस मी घरीच होतो, मास्तर. तब्येत ठणठणीत होती.